चाँदबीबीच्या महालात तीन अक्षरं

आमच्या पाच जणांच्या टोळीतले एक मित्र मागच्या हिवाळ्यात उमरा करून आले. जमजम आणि खजूर घ्यायला आम्ही त्यांच्या घरी जमलो, तेव्हा बोलणं मक्का-मदिन्यावरून सरकत सरकत अल-उलावर गेलं. मदिन्याच्या उत्तरेला, वाळवंटात, नबाती लोकांनी डोंगर कोरून केलेल्या शंभरावर कबरी तिथे आहेत. त्या ठिकाणाला मदाइन सालेह म्हणतात, जुनं नाव अल-हिज्र. २००८ साली सौदी अरेबियातलं हे पहिलं ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि आता तिकडे बसगाड्या भरभरून जातात. मित्राचा मुलगा तिथेच नोकरीला, त्याने नेण्याची तयारीही केली होती. पण हे गेले नाहीत. तबूकच्या मोहिमेवर जाताना हुजूर सल्ल. त्या उजाड वस्तीवरून गेले, तेव्हा त्यांनी सोबत्यांना तिथे रमू नका, जायचंच तर भिजल्या डोळ्यांनी जा, असं बजावलं होतं. ही हदीस आठवून मित्राचं मन मागे फिरलं. बरोबरचे दोघे मात्र जाऊन आले आणि फोटोही घेऊन आले.

यावर आमच्यात जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही, कारण ती अजून संपलेली नाही. पण मित्राची नात, सातवीतली, मध्येच म्हणाली, "नाना, तुम्ही तिकडे गेला नाहीत ते ठीक. पण आपल्या नगरचे पडके महाल तरी तुम्ही मला कधी दाखवलेत?"

खोली शांत झाली. साठी ओलांडलेले पाच जण, पाचही जण नगरात जन्मलेले, झेंडीगेट आणि मुकुंदनगरच्या गल्ल्यांत वाढलेले. शेवटचे कधी फराहबागेत गेलो होतो, ते कुणालाच सांगता येईना. शाळेत असताना सायकलवर गेलो होतो, एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं.

आणखी एक कारण होतं. आमच्यातले कापडबाजारातले दुकानदार मित्र झेंडीगेटचं वडिलोपार्जित घर विकून मुलाकडे पुण्याला निघाले होते. इसार झाला होता, खरेदीखत महिनाभरावर आलं होतं. "जाण्याआधी एकदा सगळं बघून घेऊ," असं तेच म्हणाले. मग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी फजरनंतर दोन गाड्या काढल्या. पाच म्हातारे, तिघांच्या बेगमा, एक नात आणि दोन नातू. डब्यात ज्वारीच्या भाकरी, मटणाचं सुकं, शेंगदाण्याची चटणी आणि एका भाभींनी पहाटे उठून केलेली खिचडी.

आपल्याकडे वाळवंट नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण भिंगार ओलांडून पाथर्डी रस्त्याला लागलात की उघडे डोंगर, पिवळं गवत, बाभळी आणि खडक एवढंच दिसतं. सह्याद्री पाऊस अडवून घेतो आणि आमच्या वाट्याला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर येतो, तोही आला तर. अशा जमिनीवर मलिक अहमद निजामशाहाने १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी शहर वसवलं. चार वर्षांपूर्वी, १४९० मध्ये, त्याच परिसरात त्याने बहमनी फौजेचा पराभव केला होता. या अहमदचे वडील मलिक हसन मूळचे पाथरीकडच्या ब्राह्मण घरातले, असं फरिश्ता लिहून गेला आहे. हा फरिश्ता स्वतः लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, इथेच वाढला आणि पुढे विजापूरला जाऊन त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. आमचे मास्तर (जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त) गाडीत हे सगळं सांगत होते आणि मागच्या सीटवर नातवंडं भेळ खात होती.

आधी दमडी मशीद. किल्ल्यापासून जवळच, छोटीशी, पण दगडावरचं कोरीव काम बघावं असं. सन १५६७-६८ ची. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी एक एक दमडी काढून ती उभी केली, अशी गोष्ट इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. खरी असो, नसो, बांधकामात सरदार साहिरखानाचं नाव जोडलेलं आहे. नातवाने विचारलं, "दमडी म्हणजे किती?" कुणालाच नीट सांगता येईना. दुकानदार म्हणाले, "बेटा, दुकानात कुणी दमडी मागायला आला नाही, म्हणून हिशेब विसरलो." तिथे फार वेळ थांबलो नाही. उन्हाच्या आत डोंगर गाठायचा होता.

किल्ला बाहेरूनच बघितला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑगस्ट १९४२ पासून, काँग्रेसचे मोठे नेते इथे कैदेत होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना याच भिंतींच्या आत होते. हे ऐकून एक भाभी खंदकाकडे बघत म्हणाल्या, "नवरा किल्ल्यात, बायको दूर मरणाला टेकलेली, आणि आम्ही म्हणतो आमचे दिवस कठीण." खंदकाच्या कडेने चालताना त्यांनी मनात काहीतरी वाचलं. काय, ते आम्ही विचारलं नाही.

फराहबाग ही मात्र आमच्या लहानपणीची जागा. लोक तिला फऱ्याबाग म्हणतात. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी दुमजली महाल, मध्ये घुमटाचं उंच दालन. तलाव कधीच कोरडा पडला, तिथे आता झुडपं आहेत. महालाचं काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पुढे नेलं आणि वजीर सलाबतखानाने १५८३ मध्ये पूर्ण केलं. मुर्तजा निजामशाह इथेच राहायचा, राज्यकारभार सोडून बुद्धिबळ खेळायचा, असं फरिश्ता सांगतो. त्याला दिवाणा म्हणत. १५८८ मध्ये पोटच्या मुलानेच त्याचा जीव घेतला.

तलावाच्या तळाला आम्ही सगळे उतरलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मित्र तिथे बसूनच राहिले. इतका वेळ गप्प होते, आता बोलायला लागले.

"हे पाणी यायचं कुठून, विचारा. बाजूच्या नदीतून नाही."

मग त्यांनी काठीने मातीत रेघा ओढून खापरी नळ समजावले. नगरच्या भोवतालच्या डोंगरांच्या पायथ्याला, कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा ठिकाणी पाणी गोळा करायचं आणि तिथून जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून, उताराच्या जोरावर, शहरात, किल्ल्यात, बागांत आणायचं. पंप नाही, इंजिन नाही. नळ झाकलेला असल्याने उन्हात पाणी उडून जात नाही, कचरा पडत नाही. ठरावीक अंतरावर उंच दगडी खांब बांधलेले. पाणी त्यात वर चढतं, कोंडलेली हवा निघून जाते, जोर मोडतो, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढे सरकतं. उतार जास्त दिला तर नळ्या फुटतात, कमी दिला तर गाळाने बुजतात. "शंभर हातांत दोन बोटांची चूक झाली तरी सगळं गेलं," ते म्हणाले. "मी अठ्ठावीस वर्षं कालव्यावर काढली. पाण्याचा उतार काढायला आमच्याकडे दुर्बिणी होत्या. यांच्याकडे काय होतं?" इराणच्या कनात, बीदरचं कारेज आणि पुढे मलिक अंबरने औरंगाबादला बांधलेली नहर, ही सगळी एकाच कुळातली कामं.

नातीने वही काढली होती. तिने विचारलं, "मग आता हे नळ का चालत नाहीत?"

आता नगरला मुळा धरणाचं पाणी येतं, हे खरं. पण ते उत्तर नव्हतं. पाटबंधारेवाले म्हणाले, "नळ कुणी फोडले नाहीत, बेटी. कुणी साफ केले नाहीत, एवढंच. वर घरं झाली, रस्ते झाले. दरवर्षी गाळ काढणारा माणूस ज्या वर्षी आला नाही, त्या वर्षी नळ मेला." पाथर्डीकडच्या गावांत उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे आम्ही सगळे जाणतो. १९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. सुकडीसाठी लावलेल्या रांगा, खडी फोडायला जाणाऱ्या आया, घरात तीन हंडे पाणी आणि आठ माणसं, हे आमच्या अंगात अजून आहे. वुजूला एक तांब्या पुरवायचा, असा अब्बांचा हुकूम असायचा. पाटबंधारेवाल्यांचे वडील त्या साली पाझर तलावाच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली होते. पोरगा पाटबंधाऱ्यात गेला तो त्यामुळेच.

भाकरीचं दस्तरखान तलावाच्या बांधावर बाभळीखाली टाकलं. जेवून झाल्यावर भाभींनी पिशवीत सगळा कचरा भरून घेतला, आपला आणि आधीच पडलेला दुसऱ्यांचाही. वेफरच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, एक तुटकी चप्पल. "घरात पाहुणा येणार म्हणून झाडतो ना, तसं," असं म्हणून त्या कामाला लागल्या. आम्ही पुरुष मंडळी जरा वेळाने लाजून उठलो.

मग शाह डोंगर.

नगरात कुणालाही विचारा, त्या डोंगरावरची इमारत म्हणजे चाँदबीबीचा महाल. एस.टी.चे कंडक्टर तसंच म्हणतात, सहलीची पोरं तसंच म्हणतात, आम्हीही पन्नास वर्षं तसंच म्हटलं. तो महाल नाही आणि चाँदबीबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. फराहबाग पूर्ण करणारा तोच वजीर. मुर्तजा दिवाणा झालेला असताना आठ-नऊ वर्षं राज्य या माणसाने सांभाळलं. पूर्वेकडचा भातोडीचा तलावही त्याच्याच नावावर आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरने त्याच तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजेची छावणी चिखलात रुतवली. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. सलाबतखान १५८९ मध्ये वारला. चाँदबीबी त्यानंतरची. भावाच्या नातवासाठी किल्ला लढवणारी, १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादला माघारी लावणारी. १६०० साली फितुरीची अफवा उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. काही दिवसांत किल्ला मोगलांकडे गेला.

मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा नात जरा खट्टू झाली. शाळेच्या सहलीच्या पत्रकात 'चाँदबीबी महाल' छापलेलं होतं. "म्हणजे सलाबतखानने एवढं केलं आणि नाव तिचं?" दुकानदार हसले. "तिने तरी कुठे मागितलं होतं?"

डोंगर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. वर रस्ता जातो, तरी शेवटचा चढ चालताना आमच्या गुडघ्यांनी हिशेब मागितला. अष्टकोनी, तीन मजली, कमानींची दगडी इमारत, वर साधा घुमट. कोरीव काम जवळजवळ नाही. तळघरात कबरी आहेत. आम्ही खाली उतरलो, झरोक्यातून येणाऱ्या उजेडात फातिहा पढलो. नातवाने कुजबुजत विचारलं, इथे मन्नत मागतात का? उमरेवाल्या मित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही बेटा. यांच्यासाठी मागायचं, यांच्याकडे नाही." अल-उलाला का गेले नाहीत, हे आम्हाला तिथे थोडं समजलं. तिथे कोरलेल्या डोंगरांसमोर लोक पोझ देतात. इथे खालच्या अंधारात आमच्यातल्या कुणाला मोबाइल काढावासा वाटला नाही. पण हे आमचं. वर मुलंमुली सेल्फी काढत होती आणि त्यात गुन्हा काय, हेही खरंच.

भिंतीच्या जाडीतून अरुंद जिना वर जातो. वाकून, एकामागे एक. वरच्या गॅलरीत वारा असा की टोप्या धराव्या लागल्या. नगर शहर, भिंगार, दूरवर उसाचे हिरवे तुकडे, बाकी सगळं पिवळं. आणि कमानींच्या आतल्या बाजूला नावं. शेकडो नावं. बाण मारलेली हृदयं, तारखा, गावं, पक्षांची चिन्हं, प्रेमाच्या घोषणा. मास्तर चिडले. "हे बघा, हे बघा, काय पोरं आहेत! दोन वर्षं कैद आणि एक लाख दंड आहे कायद्यात." खरं आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूला विद्रूप करण्याची एवढी शिक्षा २०१० च्या दुरुस्तीपासून आहे.

दुकानदार एका कमानीपाशी थांबले होते. हाक मारली तरी येईनात. आम्ही जवळ गेलो. कमानीच्या आतल्या दगडावर, छातीएवढ्या उंचीवर, तीन अक्षरं आणि खाली १९७७.

ती आमची होती.

मॅट्रिकच्या वर्षीची सायकल सहल. मास्तरांचे मामा पाथरवटी करत, त्यांच्या पोत्यातून मास्तरांनीच छिन्नी आणली होती. काळा दगड कठीण, एकेका अक्षराला पाऊण तास लागला होता. तिघांची आद्याक्षरं, आळीपाळीने. उरलेले दोघे खाली सायकली राखत बसले होते, म्हणून त्यांची राहिली. तिघांत हे लिहिणारा हातही आहे, लपवण्यात अर्थ नाही. इतरांची नावं खडूची, कोळशाची, किल्लीने ओरबाडलेली. आमची मात्र नीट कोरलेली. अठ्ठेचाळीस वर्षांत काही झालं नव्हतं त्यांना.

मास्तर काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला.

नातीने अक्षरं बघितली, मग आम्हाला बघितलं. "नाना, हे तुमच्या दोस्तांनी?" उमरेवाले म्हणाले, "हो. मी खाली सायकली राखत होतो." त्यांच्या आवाजात जरा आनंद होता, तो आम्ही माफ केला.

धाकट्या नातवाला वाटलं, हे तर भारीच. त्याने ताबडतोब फोटो काढला आणि म्हणाला, "मी पण लिहू?" आता काय उत्तर द्यायचं? नको म्हणायला तोंड कुणाचं? दुकानदार दगडाला हात लावून उभे होते. झेंडीगेटचं घर विकलं की या शहरात त्यांच्या नावाची तेवढीच एक खूण उरणार होती, आणि ती अशी. ते पोराला म्हणाले, "बेटा, मी लिहिलं तेव्हा मला वाटलं, मी इथे आलो होतो हे सगळ्यांना कळेल. बघ, इतक्या वर्षांत किती लोक इथून गेले. कुणाला कळलं? ज्याच्या पैशाने हे उभं राहिलं त्याचं नाव लोकांना माहीत नाही. माझं एक अक्षर कोण वाचणार?" पोराने विचार केला आणि म्हणाला, "मी वाचलं ना." त्यावर दुकानदार काही बोलले नाहीत.

घासून काढू या, असं आमच्यातला एक म्हणाला. पाटबंधारेवाल्यांनी अडवलं. खोल गेलेलं अक्षर काढायचं तर भोवतीचा दगडही तासावा लागतो, म्हणजे एक खड्डा बुजवायला मोठा खड्डा. आणि संरक्षित इमारतीला आपण हात लावणं हाही पुन्हा गुन्हाच. तेव्हा ती अक्षरं तिथे राहणार. आम्ही गेल्यावरही राहणार, आमच्या कबरींवर कदाचित दगडही नसेल तेव्हासुद्धा.

जिना उतरताना गुडघे जास्त दुखले.

खाली आल्यावर अस्रची नमाज जमातीने पढलो. उतारावर चटई अंथरली, इमामत उमरेवाल्यांनी केली. नंतर मास्तरांनी नातवंडांना एक गोष्ट सांगितली. या जिल्ह्यात याहून तीन हजार वर्षं जुनी एक जागा आहे, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला तिथे मातीखाली कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडले. शेती करणारे, भांडी रंगवणारे लोक तिथे हजार-दीड हजार वर्षं राहिले आणि मग गाव रिकामं झालं. पाऊस कमी होत गेला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या जागेचं नाव दायमाबाद. दायम म्हणजे सदा. सदा वसलेलं. नातीने वहीत नाव लिहून घेतलं आणि पुढची सहल तिकडेच, असं ठरवून टाकलं. दुकानदारांनी पुण्याहून येईन म्हणून कबूल केलं. बघू.

आमच्या जिल्ह्याचं नावही आता बदललं. चोंडीला, जामखेड तालुक्यात, जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावाने अहिल्यानगर. २०२४ पासून कागदावर तेच. त्यावर आमच्यातही दोन मतं आहेत आणि ती आम्ही गाडीत मोठ्याने मांडली. एका भाभींनी शेवटी विचारलं की शहराच्या नावावरून एवढं भांडता, मग सलाबतखानचं नाव पन्नास वर्षं चुकीचं घेतलंत त्याचं काय? गाडीत थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज होता.

डोंगराच्या पायथ्याला, पाथर्डी रस्त्यावर, एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाले आमच्याच वयाचे, डोक्याला पांढरा फेटा. आमचा जथा बघून म्हणाले, "या भाऊ, चाँदबीबीचा महाल बघून आलात वाटतं?"

आम्ही सगळ्यांनी नातीकडे बघितलं. तिने वही छातीशी धरली होती. "हो काका, पण तो महाल नाही. कबर आहे. सलाबतखानची."

टपरीवाल्यांनी गाळणीतून चहा ओतता ओतता मान हलवली. "माहीत आहे पोरी. आमचे वडील सलाबतखानच म्हणायचे. पण गिऱ्हाईक ते नाव घेऊन रस्ता विचारत नाही. किती चहा? अकरा?"